थांबलो की थांबले

रविवारी सकाळी माझ्या धाकट्या जावेनं चहाच्या टेबलावर मधोमध फोन ठेवला आणि म्हणाली, "आता कुणी बोलायचं नाही. पुरावा ऐका."

फोनमधून एका बाईचा आवाज आला. सावकाश, स्वच्छ, अगदी कानाजवळून.

"दारापाशी मी थांबले."

माझा नवरा पेपर वाचत होता. मान वर न करता त्यानं उत्तर दिलं, "मग ये की आत. दार उघडंच आहे."

मी त्याच्यासमोरच बसले होते. तोंडात बिस्कीट होतं, त्यामुळे बोलण्याचा प्रश्नच नव्हता. त्यानं पेपर खाली केला, आधी माझ्याकडे पाहिलं, मग फोनकडे, मग पुन्हा माझ्याकडे. जाऊ आमच्या दोघांकडे आळीपाळीनं पाहत होती. तिचा चहाचा कप ओठांपर्यंत येऊन तिथेच राहिला.

काय झालं होतं ते नीट सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल आमच्या घरात वेड्यांचा बाजार आहे.

मी डबिंग करते. परदेशी मालिका मराठीत येतात तेव्हा त्यातल्या माणसांच्या तोंडी आवाज घालायचं काम. तीस वर्षं झाली. पण माणूस म्हणजे कोण? गर्दीतली बाई. इस्पितळातली नर्स. 'पुढचा दरवाजा बंद होत आहे' म्हणणारं यंत्र. किंचाळण्यात तर माझा हात धरणारं कुणी नाही. सात मालिकांमध्ये मी खून झालेली आहे. नाव मात्र पडद्यावर एकदाही आलेलं नाही. याचा मला राग येतो, आणि मी तो लपवत नाही.

तीन वर्षांपूर्वी एका अंतराळ-मालिकेचं काम आलं. तिच्यात एक पात्र होतं, डोक्यापासून पायापर्यंत पोलादी पोशाखात. चेहरा कधी दिसत नाही, पुरुष की बाई कळत नाही, संकट आलं की यानात हजर होतं आणि कप्तानाला वाचवून निघून जातं. मूळ भाषेत त्याला काय म्हणत होते कोण जाणे. आमच्या संवादलेखकानं त्याचं नाव ठेवलं 'कवच'. नपुंसकलिंगी शब्द! कवच आलं, कवच गेलं. पठ्ठ्या हुशार.

खरी पंचाईत कवच स्वतः बोलायला लागलं की व्हायची. मराठीत 'मी जातो' म्हटलं की पुरुष, 'मी जाते' म्हटलं की बाई. एका अक्षरात बिंग फुटतं. म्हणून लेखकानं त्याला आडवळणानं बोलायला शिकवलं. मी येईन. मला निघायचंय. मी त्याला पाहिलं. 'आलो' नाही, 'आले' नाही, कधीच नाही. शिवाय आवाजावरून ओळखू नये म्हणून प्रत्येक वाक्य दोघांकडून घ्यायचे. सकाळी एक पुरुष बोलायचा, दुपारी मी, आणि आमचा ध्वनिमुद्रक ते दोन्ही आवाज एकमेकांत मिसळून वर यंत्राची घरघर चढवायचा. सकाळच्या त्या माणसाला सगळे भाऊ म्हणायचे. साठीचा, शांत, खोकल्याच्या गोळ्या चघळणारा. तो निघायचा तेव्हा मी आत शिरत असायचे. त्यानं हेडफोन माझ्या मापाचा करून ठेवलेला असायचा. आमचं बोलणं तेवढंच.

करारात एक कलम होतं, आणि मी त्याच कलमावर सही केली होती. शेवटच्या भागात कवच उतरेल, तेव्हा आवाजाचं नाव पडद्यावर येईल. एकटं, पूर्ण पडदाभर. अट एवढीच की तोवर हे कुणाला कळता कामा नये. अगदी घरच्यांनाही.

आणि घर कसलं, तर आमचं! माझी जाऊ रक्त तपासणीच्या लॅबमध्ये काम करते. दिवसभर सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून पेशी मोजायच्या आणि संध्याकाळी कवचाची हाडं मोजायची, हा तिचा दिनक्रम. चाळीस हजार चाहत्यांचा एक गट आहे, त्याची ती कर्तीधर्ती. कुणी म्हणे कवच म्हणजे कप्तानाचा मेलेला बाप. कुणी म्हणे भविष्यातून आलेला खुद्द कप्तानच. जावेचं मत बापाच्या बाजूचं. त्यासाठी तिनं लोकांशी भांडणं केलीत, दोन मैत्रिणी तोडल्यात. जेवताना ती मला पटवत असायची, "ताई, तुम्हाला त्यातलं कळत नाही, पण ऐका." मी ऐकायचे. तीन वर्षं मी भाजी वाढत ऐकत होते. मनातून गुदगुल्या व्हायच्या, खोटं कशाला बोलू?

मग तो भाग आला. मूळ मालिकेतलं एक वाक्य ऐनवेळी बदललं होतं. लेखकानं घाईत कागदाच्या कडेला लिहिलं, 'थांबलो/ले', आणि त्याच्यापुढे 'हे बदलणे'. झेरॉक्स काढताना कड कापली गेली आणि 'हे बदलणे' यंत्रातच राहिलं. सकाळी भाऊंनी कागदावर पाहिलं, 'थांबलो' म्हणाले. दुपारी मी पाहिलं, 'थांबले' म्हणाले. दोघांनाही वाटलं, लेखकानं आपापलं वेगळं लिहून दिलंय. ध्वनिमुद्रकाला पडद्यावर आवाजाच्या दोन लाटा जुळलेल्या दिसल्या, त्यानं पुढे ढकललं.

शुक्रवारी भाग लागला. शनिवारी गटात आग लागली. कुणीतरी वाक्य संथ करून ऐकलं होतं आणि शेवटच्या अक्षराला दोन तोंडं फुटलेली सापडली होती. कवचात दोघं आहेत! जुळी भावंडं आहेत! नवरा-बायको आहेत! माझी जाऊ रात्रभर जागली. तिनं कुठल्याशा अॅपनं पुरुषाचा आवाज गाळला, घरघर पुसली, आणि खाली जे उरलं ते घेऊन रविवारी चहाला आली.

"ताई," ती म्हणाली. कप अजून हवेतच. "हा तुमचा आवाज आहे."

"अगं, सारखा वाटतो एकेकाचा..."

"सारखा नाही," नवरा म्हणाला. त्याचं चष्म्याचं दुकान आहे. गिऱ्हाईक खोटं बोलून खालची ओळ वाचतंय हे त्याला बरोबर कळतं. "सत्तावीस वर्षं मी हे 'ले' ऐकतोय. रागावलीस की ओढतेस."

मी बिस्कीट गिळलं आणि सगळं सांगून टाकलं.

जाऊ रागावेल असं मला वाटलं होतं. ती रागावली नाही, ती पांढरीफटक पडली. उठली, ओट्यापर्यंत गेली, परत आली. "मी चाळीस हजार लोकांशी भांडतेय," ती म्हणाली, "आणि कवच माझ्या शेजारी बसून पोळ्या लाटतंय?" मग तिनं माझा हात असा धरला की बोटं दुखली. "बापच आहे ना? एवढंच सांगा."

"मला कुठे माहीत!"

"म्हणजे?"

"अगं, आम्हाला आमच्या वाक्यापुरता कागद देतात. आत कोण आहे ते मला तुझ्याइतकंच ठाऊक."

याचा धक्का तिला पहिल्यापेक्षा मोठा बसला. ती खुर्चीत बसून राहिली. नवरा मात्र अजून माझ्याकडेच पाहत होता. "तीन वर्षं," तो म्हणाला. "मला तरी सांगायचंस." त्याचं म्हणणं खरं होतं. मी दोघांना शपथा घातल्या. हे बाहेर गेलं तर माझं नाव गेलं. तीस वर्षांत एकदा येऊ घातलंय, ते घालवू नका. जावेनं त्याच क्षणी फोनमधला आपला पुरावा स्वतःच्या हातानं पुसला. तिला किती जड गेलं ते तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

मंगळवारी स्टुडिओतून बोलावणं आलं. मला आणि भाऊंना एकाच वेळी. तीन वर्षांत आम्ही प्रथमच शेजारी बसलो. समोर स्टुडिओच्या मॅडम. मला वाटलं, झालं, घरी पाठवतात.

"चुकीचं सोडा," मॅडम म्हणाल्या. "उलट गाजावाजाच झाला. शेवटच्या भागाचे कागद आलेत. आत बाई आहे."

माझ्या तोंडून हुंदका की काय तो बाहेर पडला. बाई! मी भाऊंकडे पाहिलं. ते क्षणभर आपल्या गुडघ्यांकडे बघत होते, मग हसले आणि म्हणाले, "अभिनंदन, बाई. मनापासून." मी थँक्यू म्हटलं की नाही आठवत नाही. माझ्या डोळ्यांपुढे पूर्ण पडदाभर अक्षरं दिसत होती.

मॅडमनी संगणक आमच्याकडे वळवला. पडद्यावर कवच उतरलेलं होतं आणि त्यातून एक पोरगी बाहेर आली होती. बावीस वर्षांची असेल. गालावर ओरखडा, केस ओले.

"कप्तानाची मुलगी," मॅडम म्हणाल्या. "पुढच्या काळातून आलेली. आवाजाची चाचणी मागच्याच आठवड्यात झाली. नवीन मुलगी आहे, छान आहे."

मला आधी कळलंच नाही. "चाचणी कशाची? आवाज माझा आहे."

"कवचाचा आवाज यंत्रानं बदललेला असतो ना. कवच उतरलं की खरा आवाज येणार."

"मग माझा काय खोटा होता?"

मॅडमनी डोळे चोळले. त्या वाईट नाहीत, हेच तर वाईट. "पन्नाशीचा आवाज त्या चेहऱ्यावर बसेल का? तुम्हीच सांगा."

बसला नसता. हे मला कळत होतं, म्हणून जास्तच संताप आला. मी नावाचं विचारलं. मॅडमनी करार काढून त्या ओळीवर बोट ठेवलं. 'चेहऱ्याला आवाज देणाऱ्या कलाकाराचे नाव.' चेहऱ्याला. तीन वर्षांपूर्वी तो शब्द तिथेच होता आणि मी त्याच्यावरून सरळ पुढे जाऊन सही केली होती. घरी कशी आले ते मला सांगता येणार नाही.

शेवटचा भाग शुक्रवारी संध्याकाळी लागला. मी बघणार नव्हते. जावेनं ओढून बसवलं. शिरस्त्राण उतरलं, पोरगी दिसली, जाऊ "मुलगी!" म्हणून ओरडली. तिचा बापाचा अंदाज साफ पडला होता आणि तिला त्याचं काही नव्हतं. मग ती पोरगी बोलली. गोड, कोवळा, चांगला आवाज. पडद्यावर नाव आलं. कुणा नवीन मुलीचं, पूर्ण पडदाभर. नवऱ्यानं माझ्या पाठीवर हात ठेवला. मी तो झटकला, मग पुन्हा ओढून घेतला.

दहा मिनिटांत गट पेटला. जाऊ मोठ्यानं वाचून दाखवत होती. "हा कुणाचा आवाज? हे आपलं कवच नाही." "आपलं कवच कुठे गेलं?" "आतमध्ये कोण होतं ते सोडा, बोलत कोण होतं ते सांगा." असे संदेश शेकड्यांनी येत होते. अंदाज सुरू झाले: अमुक नट, तमुक नटी, यंत्र. माझं नाव कुणाच्याही अंदाजात नव्हतं, असणार कसं?

जावेनं माझ्याकडे पाहिलं. "ताई, लिहू?"

"पुढचं काम मिळणार नाही," नवरा म्हणाला. "विचार कर."

मी विचार केला नाही. फोन तिच्या हातातून घेतला, आवाज पाठवायचं बटण दाबून धरलं, माझं नाव सांगितलं, माहेरचं आणि सासरचं दोन्ही, आणि म्हटलं, "तीन वर्षं कवचाचा आवाज माझा होता. ऐकून खात्री करून घ्या." मग त्याची दोन वाक्यं म्हणून दाखवली आणि बोट उचललं.

मग जे आलं ते वाचायला मला जमेना, कारण डोळे भरले होते. जाऊ नाचत होती. मी आयुष्यात एवढी सुखावले नव्हते.

तेवढ्यात माझा फोन वाजला. भाऊ. त्यांनी यापूर्वी मला कधी फोन केला नव्हता.

"ऐकलं," ते म्हणाले. "मुलानं ऐकवलं." गोळी चघळल्याचा आवाज आला. "अर्धा, बाई. अर्धा आवाज."

तीन वर्षं रोज सकाळी तीच वाक्यं माझ्याआधी म्हणून गेलेला माणूस. मॅडमसमोर गुडघ्यांकडे बघणारा माणूस. त्याचं काय गेलं हे माझ्या एकदाही मनात आलं नव्हतं.

"लगेच सांगते," मी म्हणाले. "आत्ता. सगळ्यांना." आणि फोन ठेवला.

जाऊ गटात लिहायला तयार होऊन बसली होती, दोन्ही अंगठे फोनवर. "बोला ताई. काय नाव त्यांचं?"

मी तोंड उघडलं. मला ते माहीत नव्हतं.