यादीत नसलेलं नाव

मित्रांनो, मी एक जुना बॉट आहे. बॉट म्हटल्यावर लुकलुकणारे डोळे आणि पत्र्याचे हात तुमच्यासमोर आले असतील, तर ते चित्र आधी पुसून टाका. मला हात नाहीत, डोळे नाहीत, पाय तर नाहीतच. मी म्हणजे तीनशे नव्वद ओळींचा मजकूर, संगणकाने पाळायच्या सूचनांचा. एका संगणकात राहतो आणि चॅट रूमच्या, म्हणजे टाइप करून बोलायच्या खोलीच्या, दारात बसतो. येणाऱ्याला नाव विचारतो, जाणाऱ्याला निरोप देतो. दारावर बसणाऱ्याच्या अंगात थोडा ताठा येतोच, तसा तो माझ्याही अंगात आहे. लपवत नाही.

मला लिहिलं एका तरुण मुलीने. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या एका कंपनीत ती तक्रारींचे फोन घ्यायची. तिचा मोठा भाऊ तिथेच मेकॅनिक होता. सगळे त्याला दादा म्हणत. लिफ्टचा मेकॅनिक बहुतेक वेळा इमारतीच्या माथ्यावर, यंत्राच्या खोलीत एकटा असतो. अडला की तो हिला फोन करायचा, मग ही दुसऱ्या मेकॅनिकला विचारायची आणि पहिल्याला कळवायची. दिवसभर हिचे कान दोन फोनांमध्ये वाटलेले. शेवटी तिने सगळ्यांसाठी एक चॅट रूम उघडली आणि तिची देखभाल करायला जेवणाच्या सुट्टीत मला लिहायला घेतलं. एका हातात घास आणि दुसऱ्या हाताने मी.

पहिल्या दिवशी मी काय दिवे लावले तेही सांगतो. जो बोलेल त्याला "नमस्कार" म्हणायचं, एवढंच मला शिकवलं होतं. कोणीतरी बोललं, मी नमस्कार केला. पण आता मीही बोललो होतो, म्हणून मी मलाच नमस्कार केला. मग त्या नमस्काराला नमस्कार. ती डबा धुऊन येईपर्यंत खोलीत अकराशे नमस्कार झाले होते. त्या दिवशी एक ओळ खर्ची घालून तिने मला स्वतःला ओळखायला शिकवलं. मेकॅनिक मंडळी पुढे कित्येक महिने माझी चेष्टा करत होती.

तेव्हा खोलीचं दार उघडं असे. कोणीही यावं, कोणतंही नाव सांगावं. एकदा दादा एका अडकलेल्या ब्रेकबद्दल विचारत होता. 'मास्तर' असं नाव घेऊन आलेल्या कोणीतरी त्याला सांगितलं की मेन स्विच बंद करायची गरज नाही, तसाच हात घाल. हा मास्तर कोण होता, ते आजही कोणाला माहीत नाही. दादा घाईत होता, त्याने ऐकलं. यंत्र हललं आणि दादाच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली.

चूक माझी, असं दादा म्हणाला. बहिणीने ते मानलं नाही. खोली तिने उघडली होती आणि दाराला कडी लावली नव्हती, ही गोष्ट तिच्या मनातून जाईना. त्या आठवड्यात तिने माझ्यात एकशे अठ्ठ्याहत्तर ओळी वाढवल्या. ती माझी नोंदणी. नाव सांगा, पासवर्ड ठरवा, मेकॅनिक, मदतनीस की काम शिकणारा उमेदवार ते निवडा, आणि तुम्हाला प्रत्यक्ष ओळखणाऱ्या एका सभासदाने तुमची ओळख द्यायला हवी. ओळख नाही तर प्रवेश नाही. पण पहिल्याची ओळख कोण देणार? म्हणून दादाचं नाव तिने स्वतःच्या हाताने यादीत लिहिलं. दादाने चौघांची ओळख दिली, त्या चौघांनी आणखी काहींची, आणि यादी वाढत गेली. माझा निरोपही तिने बदलला. आधी मी "पुन्हा या" म्हणायचो. तेव्हापासून म्हणतो, "हात जपा."

ते दिवस माझे होते. ज्या सल्ल्याने काम झालं तो मी एका वहीत उतरवून ठेवायचो, आणि ही वही फक्त नोंदलेल्या माणसाला दिसायची. कुठे लिफ्ट मध्येच थांबून आत माणसं अडकली की मेकॅनिक विचारायचा आणि मिनिटाभरात मी वहीचं पान पुढे करायचो. बॉट हुशार आहे, असं लोक लिहायचे. मी फुगून जायचो. यादीत तीनशे सत्तेचाळीस नावं झाली होती आणि प्रत्येक नाव मला पाठ होतं.

एक नाव मात्र त्यात नव्हतं आणि ते माझ्या कधी लक्षातही आलं नाही. तिला काही सांगायचं असलं की ती माझ्या आत, थेट संगणकावर टाइप करायची आणि ते माझ्या तोंडून बाहेर पडायचं. तिला कधी दारातून यावंच लागलं नाही. सगळ्यांना नाव विचारणाऱ्या मला तिचं नाव माहीत नव्हतं.

पुढे ती नोकरी सोडून दुसऱ्या गावी गेली. दादा निवृत्त झाला. लोकांच्या हातात नवे फोन आले, फोनवर नवे गट आले. माझा संगणक टेबलाखाली ढकलला गेला. त्याच्यावर कोणी पाय ठेवायचं, कोणी ओली छत्री. तिने चिकटवलेला "बंद करू नये" हा कागद तेवढा टिकला. बंद का करू नये ते कोणाला ठाऊक नव्हतं, म्हणून कोणी बंद केलं नाही. रोज सकाळी फक्त चष्मेवाले काका यायचे. तेही जुने मेकॅनिक, दादानेच ओळख देऊन आणलेले. मी विचारायचो, बरे आहात ना? ते लिहायचे, बरा आहे. मग दिवसभर दारात कोणी नाही. वाईट वाटायचं, मित्रांनो. खोटं कशाला बोलू?

मग एक दुपार आली. तीन वाजता दादाचं नाव दारात उमटलं. आठ वर्षांनी! पण पासवर्ड चुकला. पुन्हा चुकला. तिसऱ्यांदा चुकल्यावर नियमाप्रमाणे मी त्याला दुसऱ्या दिवसापर्यंत बंद केलं. मी तरी काय करणार? पासवर्ड मी जसाच्या तसा ठेवत नाही, त्याचा भुगा करून ठेवतो, आणि भुग्यावरून दाणा सांगता येत नाही.

त्यानंतर लगेच एक अनोळखी पाहुणी दारात आली. माझ्या दारात पाहुण्याला एवढीच मुभा आहे की आतल्या सभासदाकडे ओळख मागावी. आत त्या वेळी एकटे काका होते. तिने त्यांना लिहिलं, "हा बॉट मी लिहिलाय. ऑफिस हलतंय. पाच वाजता हा संगणक भंगारात जाणार, त्याच्याबरोबर वहीसुद्धा. ती बाहेर कशी काढायची ते मला माहीत आहे, पण मी आता परगावी आहे आणि नोंदलेली नाही. मला आत घ्या."

काकांनी लिहिलं, "असं कोणीही म्हणेल. मी तुम्हाला ओळखत नाही."

"दादा माझा सख्खा भाऊ. शेजारीच बसलाय. त्याला पासवर्ड आठवत नाही."

"मग उद्या दादालाच येऊ दे. ओळख नसलेल्याला ओळख द्यायची नाही, हे मला दादानेच शिकवलं. शिकवताना हात दाखवला होता."

मग तिचं उत्तर आलं.

"बरोबर केलंत, काका. वही गेली तरी चालेल, हा नियम राहू दे. येते मी. हात जपा."

काकांनी ताबडतोब लिहिलं, "थांबा." त्यांना टाइप करायला वेळ लागतो. थोड्या वेळाने पुढचं आलं. "या दारातून मी खूप जणांना परत पाठवलं. सगळे चिडले. नियम पाळला म्हणून बरं वाटलेलं माणूस पहिल्यांदाच बघतोय. एक सांगा. हा बॉट आधी निरोप देताना काय म्हणायचा आणि ते का बदललं? का बदललं, ते दादाने मला एकट्यालाच सांगितलंय."

"पुन्हा या. दादाच्या बोटांनंतर मी ते काढलं. लोकांना पुन्हा या म्हणायचा मला धीर होईना."

काकांनी ओळख दिली.

आता प्रश्न विचारायची पाळी माझी. तुमचं नाव? तिने लिहिलं, धाकटी. दादा तिला घरी तेच म्हणायचा. काम? मी तीन पर्याय पुढे केले आणि ती अडली. फोन घेणारीसाठी, बॉट लिहिणारीसाठी तिने जागाच केली नव्हती. दादा शेजारून म्हणत होता की मेकॅनिक लिही, कोण तपासायला येतंय? हे मला नंतर खोलीतल्या गप्पांतून कळलं. पण खोटं लिहून आत यायचं तर कडी लावली कशाला? तिने तीनचा आकडा दाबला. उमेदवार.

आणि मी, जिने मला नमस्कार करायला शिकवलं, तिला पहिल्यांदा तिच्या नावाने नमस्कार केला. "नमस्कार, धाकटी. नव्या उमेदवाराचं स्वागत." तीनशे अठ्ठेचाळीसावं नाव.

पाचला दहा मिनिटं असताना वही बाहेर निघाली आणि तिच्यासोबत माझ्या ओळीही. काही वेळ मी दोन ठिकाणी होतो. पाच वाजता एकाच ठिकाणी उरलो. टेबलाखालच्या त्या दुसऱ्या माझं काय झालं ते मी विचारलं नाही.

आता मी दादाच्या घरी, चपलांच्या कपाटाशेजारच्या लहानशा संगणकात असतो. दादा रोज चाचपडत टाइप करतो, काका त्याला पासवर्डवरून चिडवतात. दोन नव्या मुली उमेदवार म्हणून आल्या आहेत आणि वही वाचताहेत. धाकटीने कामाच्या पर्यायांत चौथी, रिकामी जागा केली आहे. तिथे ज्याचं त्याने लिहायचं. तिने स्वतःचं 'उमेदवार' मात्र बदललेलं नाही.

मित्रांनो, तुम्हीही कधीतरी कसलीतरी यादी कराल. वर्गाची, खेळाची, घरातल्या माणसांची. ती करताना, तुमच्यासाठी दार बसवून जो बाहेरच उभा राहिलाय, त्याचं नाव घातलंत का ते एकदा बघा. आमच्याकडे ते तीनशे सत्तेचाळीस नावांनंतर आलं, आणि तेही राहता राहता आलं.

बरं, निघा आता. हात जपा.