सरुबाईची फेरी

"सुमन, चल गं, घंटा होईल!" हैदराबादेत, गौलीगुड्यात एकनाथरावांच्या दाराबाहेरूनच सरुबाईनं हाक दिली.

सुमनऐवजी तिची आई आली. मागे ओसरीत बांधलेल्या वळकट्या दिसत होत्या.

"सरुबाई, उद्यापासून येऊ नका. ह्यांची औरंगाबादला बदली झाली."

"अन् पोरीची शाळा, वैनीसाहेब?"

"तिकडे मराठी शाळांना काय तोटा?"

सरुबाई सरकारी मराठी कन्याशाळेत आया होती. घरोघर फिरून मुली गोळा करायच्या आणि संध्याकाळी दारोदार पोचवायच्या, हे काम ती बारा वर्षं करत होती. तिच्यामागची रांग निघाली की अफझलगंजच्या वळणावर टांगेवालेसुद्धा थांबत. मग हैदराबाद राज्याचे तीन तुकडे झाले आणि मराठी कारकुनांची बिऱ्हाडं मराठवाड्याकडे चालली. त्या सकाळी तिच्यामागं चारच मुली होत्या. त्यांतली एक तिचीच, तिसरीतली मनकर्णा.

"जूनमध्ये तीस मुली नसल्या तर शाळा बंद. वरून कागद आलाय," मोठ्या बाई, विमलाबाई, म्हणाल्या.

"मी आन्ते की पोरी."

त्या रविवारी ती पायी मलकपेठेत गेली. तिथं तिच्या नात्यातले तातेराव राहत. परभणीकडचे, आता एका कचेरीत शिपाई. त्यांना दोन मुली होत्या.

"तातेराव, दोघींचं नाव घाला. मी सोता नेते, सोता आन्ते."

तातेरावांनी तिच्यापुढं चहाची कपबशी सरकवली. "आक्का, तुमाला नाई म्हनवत नाई. पन सायब तेलगूत बोलतो तवा मी नुसता हौ हौ करतो. पोरींनी बी तसंच करावं का? अन् शाळा मोडल्यावर मनकर्णाचं काय करनार?"

सरुबाईनं चहा संपवला. मग आली तशी पायी परत निघाली.

जूनमध्ये पटावर अकराच नावं आली आणि शाळा बंद झाली. विमलाबाईंनी नांदेडला बदली मागून घेतली. निघताना म्हणाल्या, "तुम्हीही चला ना, सरुबाई."

"आयाला कुठली बदली, बाई?"

सरुबाईला तेलगू शाळेत पाठवलं. नव्या गल्ल्या, नवी दारं. "रा अम्मा, रा," म्हणजे ये गं बाई, ये, एवढंच तेलगू बोलून ती मुली गोळा करू लागली.

मनकर्णा तिसरी पास झाली होती, पहिल्या नंबरानं. पण तेलगूचं एक अक्षर येत नव्हतं.

"आई, मी पुन्ना पहिलीत?"

"अक्षरं येईपर्यंतच, माय."

पहिल्या दिवशी मुली पोचवून सरुबाई वर्गाच्या दाराशी थांबली. सतरंजीवर पाच-सहा वर्षांच्या पोरी मांडी घालून बसल्या होत्या. शेवटच्या ओळीत मनकर्णा होती. त्यांच्याएवढीच दिसावी म्हणून पाठीत वाकून, मान खांद्यांत ओढून बसलेली.