पोचा पडलेला फिरकीचा तांब्या

मित्रांनो, माझ्या पोटावर डाव्या अंगाला एक पोचा आहे. मी जुना फिरकीचा तांब्या आहे, पितळेचा. मानेला आटे आणि डोक्यावर फिरवून बसवायचे झाकण. प्रवासात सांडत नाही, एवढाच माझा मोठेपणा. पण पोच्याची गोष्ट सांगण्याजोगी आहे.

माझी मालकीण कुंदाबाई पुण्याला कॉलेजात निघाली तेव्हा तिच्या वडिलांनी मला बोदवडच्या बाजारात घेतले. पुढे ती जळगावला सासरी आली, मीही आलो. दर रविवारी ती चर्चच्या ओसरीवर मुलांना गोष्टी सांगे. येशूचा शिष्य प्रेषित थोमा समुद्र ओलांडून आपल्या देशात आला आणि मद्रासजवळच्या डोंगरावर त्याने देह ठेवला असे मानतात, हे सांगितले की एखादे पोर हमखास विचारी, "बाई, तुम्ही पाहिलाय तो डोंगर?"

"नाही रे," म्हणताना तिचा चेहरा उतरे.

म्हणून एकोणीसशे छत्तीसच्या नाताळानंतर चर्चमधल्या भाईदास मास्तरांनी मद्रासच्या यात्रेचा बेत काढला, तेव्हा पहिले नाव कुंदाबाईचे पडले. आणि पहिली काळजीही तिचीच. लेक रूथ जेमतेम दहा महिन्यांची, यजमानांना रजा नाही. ते म्हणाले, "मनमाडपर्यंत तर जा. मन धजलं नाही, तर तिथूनच परत ये."

ओसरीवर महिनाभर बैठका चालल्या. मास्तर गुडघ्यावर रेल्वेचे वेळापत्रक पसरून बसत. जळगावकरांनी सकाळची गाडी धरायची, धुळेकरांनी चाळीसगावला चढायचे, मनमाडला दौंडची गाडी, पुढे मद्रास. कामे मात्र कोणी वाटायची नाहीत. पहिल्या शिष्यांसारख्या चिठ्ठ्या टाकायच्या, असे मास्तरांचे म्हणणे. कापसाच्या जिनात गाठी उचलणाऱ्या धनसिंगला भजने सांगायचे काम आले. त्याचा आवाज ऐकलेले सगळे पोट धरून हसले. कुंदाबाईच्या चिठ्ठीत निघाले 'पाणी'.

झाले! तिने मंडळींसाठी सुरया भरल्या, पण रूथचे पाणी निराळे. ते वीस मिनिटे खळखळ उकळले, तसेच माझ्यात ओतले आणि वाफ निघत असतानाच झाकण गच्च आवळले. धूळ नको, जंतू नको. मग आणखी अर्धा फेरा. माझा जीव गुदमरला, पण तांब्याचे कोण ऐकतो?

मनमाडला उतरलो तेव्हा रूथ पाण्यासाठी रडत होती. कुंदाबाईने झाकण फिरवले. हलेना. पदर गुंडाळून फिरवले. छे!

"आणा इकडे," म्हणत धनसिंगने मला दोन गुडघ्यांत धरून असे पिळले की पोटात पोचा आला. झाकण जागचे हलले नाही. वर तोच म्हणाला,

"कुंदाताई, कॉलेजात झाकणं उघडायला शिकवत नाहीत का हो?"

मंडळी हसली. कुंदाबाई हसली नाही. सुरईतले कच्चे पाणी ती लेकीला देणार नव्हती. समोरच्या फलाटावर परतीची, भुसावळकडची गाडी उभी होती. तिने गाठोडे उचलले. "मास्तर, तुम्ही जा. मी परत जाते. आत्ताच हे असं, मग पुढे दोन दिवस?"

मास्तरांच्या हातातले वेळापत्रक खाली आले.

तेवढ्यात धुळ्याच्या ताईबाई पुढे आल्या. वय सत्तरीचे, हातात काठी, बोली अहिराणी. "बेटी, पानी उकयतं भरं व्हतं का?"

"हो, अक्का."

"आनि लगेच झाकन आवयं? मंग ते रुसनं शे. त्याले ओढू नको. परत ऊब दे, आपोआप मानी जाई."

त्यांनी चहावाल्याला हाक मारली. त्याने शेगडीवरच्या आधणात मला मानेपर्यंत बसवले. हळूहळू माझ्या अंगात ऊब भरली, पाणी निवताना विरलेली आणि झाकण आत ओढून धरणारी वाफ परत आली, छाती मोकळी झाली. कुंदाबाईने भीत भीत दोन बोटांनी झाकण फिरवले. मी 'सुस्स' करून श्वास सोडला आणि ते उघडले!

वाटीत पाणी निवले. रूथ घटाघटा प्यायली आणि वाटीच हातात घेऊन बसली. कुंदाबाईने एकवार भुसावळच्या गाडीकडे पाहिले. ती सुटत होती. तिने सुटू दिली.

"चला मास्तर, दौंडची गाडी कुठल्या फलाटावर?"

त्या आनंदात धनसिंगने तिथेच भजन उचलले. चहावाल्याने कान झाकले.

तिसऱ्या दिवशी थोमाच्या डोंगराच्या पायऱ्या मी कुंदाबाईच्या खांद्यावरून चढलो. वर वारा होता, लांबवर समुद्र चकाकत होता. ताईबाई डोळे मिटून बसल्या. रूथ कुणाकुणाच्या मांडीवरून फिरत होती. कुंदाबाईने चक्क दोनदा तिच्याकडे पाठ केली आणि डोंगर पाहिला.

मित्रांनो, आता मी फळीवर असतो. चिंचेने घासलेत तर अजून चमकेन. घासा, पण पोचा काढायला मला तांबटाकडे नेऊ नका. आणि पाणी भरलेत तर आधी निवू द्या, मग झाकण लावा, तेही हलक्या हाताने. यात्रेहून परतल्यावर पहिल्याच रविवारी ओसरीवरच्या पोराने पुन्हा विचारले होते, "बाई, तुम्ही पाहिलाय तो डोंगर?"

कुंदाबाईने मला मुलांपुढे ठेवले आणि पोच्यावर बोट टेकवले. "पाहिलाय. बसा, सांगते."