वळणावरून गेलेली गाडी

तंजावर स्टेशनच्या पूर्वेला दोन लाइनी फुटतात, एक कुंभकोणमकडे, दुसरी नागोरकडे. स्टेशनात न शिरता त्या दोघींना जोडणारं एक वळण वसुमतीच्या घरामागून जायचं. वर्षाकाठी एखादी मालगाडी आली तर आली. एरवी रुळांमध्ये गवत आणि त्यात चरणाऱ्या शेळ्या. मीटरगेज जाऊन ब्रॉडगेज यायचं ठरलं, तशी ते वळण उखडायला माणसं आली. वसुमतीनं कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथमधून मद्रासला भावाला फोन लावला.

“अण्णा, मागचं वळण काढताहेत.”

“येतो,” राजगोपाल म्हणाला.

वडील गेले त्या वर्षानंतर तो या घरी आला नव्हता. तेव्हा तार मिळताच तो मद्रासहून निघाला होता. पण तंजावरच्या यार्डात मालगाडीचे डबे घसरलेले. म्हणून त्याची गाडी स्टेशनात न नेता या वळणावरून नागोर लाइनीवर काढली. खिडकीतून त्याला आपलं घर दिसलं, माणसांनी भरलेलं अंगण दिसलं, आणि खांद्यांवर निघालेली तिरडी. तो ओरडला. गाडी थांबली नाही. पुढच्या स्टेशनावर उतरून, बस गाठून तो पोचला, तोवर चुलतभाऊ हरिप्रसादनं अग्नी दिला होता. “थोडं थांबता आलं नाही तुम्हांला?” एवढंच तो बोलला, आणि तेरावा होताच निघून गेला.

आता दोघं घरामागे उभी होती. मजूर पहारींनी रुळांखालचे स्लीपर उचकटत होते.

“इथून ओरडलो मी,” राजगोपाल म्हणाला. “तुम्ही अप्पांना घेऊन निघाला होता.”

“निघाले होते. पण मसणात जायची वाट रूळ ओलांडूनच जाते ना, अण्णा. गाडी येताना दिसली तशी तिरडी खाली ठेवली.”

“खाली?”

“तिथे, त्या चिंचेजवळ. या रुळांवर पॅसेंजर गाडी कुणी पाहिलीच नव्हती. शेवटचा डबा जाईस्तोवर सगळे तसेच उभे. मी दारातून बघत होते. तुमचा डबा इंजिनाजवळ असेल, खाली ठेवताना तुम्हाला दिसलं नसेल.”

“हे तू मला कधी सांगितलं नाहीस.”

“ऐकत होतात कुठे तुम्ही? आणि त्या गाडीत तुम्ही होता, हे तरी तेव्हा आम्हाला कुठे ठाऊक होतं? तुम्ही निघून गेल्यावर लोकांकडून कळलं.”

राजगोपाल चिंचेपर्यंत गेला. तिथली जमीन इतर जमिनीसारखीच होती. तो हळूच खाली बसला.

“म्हणजे माझ्यासाठी नाही थांबले कुणी.”

“नाही. गाडीसाठी थांबले.” तिला खोटं बोलवेना.

त्यानं मान हलवली. हातून गेलेला अग्नी काही परत यायचा नव्हता. पण इतकी वर्षं डोळ्यांसमोर त्याच्यापासून दूर दूर चाललेली ती तिरडी आता जमिनीवर होती, आणि गाडी तिच्याजवळून जात होती.

“तरी थांबले,” तो म्हणाला.

त्यानंतर पाचव्या दिवशी वडिलांचं श्राद्ध होतं. दरवर्षी तो ते मद्रासला एकटाच करायचा. या वेळी परतीचं तिकीट त्यानं रद्द केलं, आणि हरिप्रसादला बोलावणं करायला स्वतः त्याच्या घरी गेला.