अजून एक उकळी

मित्रांनो, या, पण जरा बेतानं, हात भाजेल! मी एक जुनी पितळी किटली आहे. माझी तोटी किंचित वाकडी आहे आणि स्वभावही तसाच, असं मावशी म्हणते. तांबटानं मला ठोकून ठोकून घडवलं, आतून कल्हई केली आणि तिच्या हवाली केलं. तेव्हापासून खाणीच्या फाटकासमोर तिच्या चहाच्या टपरीवर मी आहे. कामगार चहाबद्दल तारीफ करायचे तिची आणि फुगून बसायचे मी.

मग खाणीचा गाळ साठवलेल्या तळ्याचा बांध फुटला. राखाडी चिखल नदीत उतरला, मासे उलटे होऊन काठाला लागले. काही दिवसांनी पाणी पुन्हा नितळ दिसू लागलं आणि लोकांच्या जिवात जीव आला. मला मात्र ते पटेना. नळाला पाणी त्याच नदीचं, आणि ते उकळलं की माझ्या तळाशी आता करडा थर बसत होता.

नगरभवनात सभा भरली. चहाला अर्थातच मी होते. खाणीचे साहेब म्हणाले, "पाणी स्वच्छ आहे. तरी शंका असेल, तर उकळून प्या." मावशीनं मान डोलावली, मला टेबलावर ठेवलं आणि ती उष्टे कप विसळायला बाहेर गेली. तेवढ्यात दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई उठल्या.

"साहेब, उकळून जंतू मरतात. हे विष धातूचं आहे, ते कसं मरेल? पाण्याची वाफ होते आणि ते मागेच राहतं. जितकं आटवाल तितकं दाट! लहान मुलांना तर..."

"आणि खाण बंद पडली तर मुलांना खायला काय घालायचं?" मागून कोणीतरी ओरडलं. मग एकच गलका झाला. बाईंचं पुढचं बोलणं कोणालाच ऐकू आलं नाही. ओरडणाऱ्यांत मावशीचा मुलगाही होता. त्याला तरी काय बोलू? घर त्याच्या खाणीतल्या पगारावरच चालतं.

मावशी आत आली. "काय ठरलं रे?"

"काही नाही गं आई. पाणी उकळून प्यायचं."

तेव्हापासून मी घाबरलेली आहे. मावशीची नात चिमणी चार वर्षांची आहे. रोज सकाळी तिच्यासाठी मावशी मला शेगडीवर चढवते आणि पाणी निम्मं होईपर्यंत उतरवत नाही. जीव आहे ना पोरीवर! माझं झाकण थरथरतं, तर चिमणी टाळ्या वाजवते. तिला वाटतं, मी नाचते आहे.

एकदा तोटीचा सांधा सुटला, सगळं पाणी शेगडीत सांडलं. गळण्याचा एवढा आनंद दुसऱ्या कुठल्या भांड्याला झाला नसेल. पण मावशीनं मला लगेच तांबटाकडे नेलं आणि त्यानं कथील वितळवून सांध्याला डाग दिला. तो डाग मला चालतो. चिमणीला काही झालं, तर जो डाग लागेल, तो कोणता तांबट काढणार?

मित्रांनो, भांड्याला बोलता येत नाही, तुम्हाला येतं. कोणी अर्धंच ऐकून घरी गेलं असेल, तर उरलेलं सांगायला धावत जा. माझ्या मावशीकडे आधी जा. चिमणी आत्ताच कप घेऊन आली आहे, आणि मावशी तिला म्हणते आहे, "थांब गं बाळा, अजून एक उकळी येऊ दे."