पेटीसाठी दिलेला अंगठा

चौथ्या दिवशी वच्छलाला पहिल्यांदा बाळाजवळ येऊ दिले. १९७६ साली सोलापुरातल्या त्या रुग्णालयात उबेच्या काचेच्या पेट्या तीनच होत्या. त्यांतल्या एकीत तिचा आठव्या महिन्यात जन्मलेला मुलगा होता. तिने त्याला डोळे भरून पाहिले आणि मग तिची नजर त्याच्या टाचांवर थांबली. टोचून टोचून त्या काळ्यानिळ्या पडल्या होत्या.

"अवं, ह्ये काय?"

"रोज जादा रगत घेत्यात. डाक्टरांचा अब्यास हाय," कुंडलिक जरा तोऱ्यातच म्हणाला. "म्या अंगठा दिला, म्हणून तर पेटी गावली. न्हायतर माढ्यास्नं आणल्यालं लेकरू हितं कोण ठिवून घेतंय?"

शेजारी नोंदी करणाऱ्या डॉक्टर मालतीचा हात थांबला. पेटीसाठी संशोधनाच्या कागदावर अंगठा लागतच नव्हता. भरतीचा आणि संशोधनाचा, असे दोन्ही कागद तिने एकदमच पुढे सरकवले होते. कुंडलिकचा गैरसमज तिच्या ध्यानात आला होता. पण मोठ्या डॉक्टरांना अभ्यासासाठी पन्नास बाळे हवी होती, म्हणून तिने तो तसाच राहू दिला होता.

"त्यो कागद दावा की बाई. मी सातवी शिकलीया," वच्छला म्हणाली.

"इंग्रजीत आहे."

"मग तुमी वाचून सांगा."

मालती एकेक वाक्य मराठीत सांगू लागली. एका वाक्यापाशी ती अडखळली, मग तेही तिने वाचले. "पालकांनी नकार दिला, तरी बाळाच्या उपचारात काहीही कमी केले जाणार नाही."

वच्छलाने नवऱ्याकडे पाहिले. त्याची मान खाली गेली. मग तो घाईघाईने म्हणाला, "बाईंनी सांगितलं व्हतं गं. माझंच ध्यान नव्हतं."

लेकरू डॉक्टरांच्या हाती होते, म्हणून तो मालतीला सांभाळून घेत होता. मालतीची कानशिले तापली.

"नाही," ती म्हणाली. "मी सांगितलं नव्हतं."



"मग आता इचारा की," वच्छला म्हणाली.

मालतीने विचारले.

"न्हाय. आता टोचू नगा त्येला."

मालतीने यादीतून नाव खोडले. पेटी कोणी काढून घेणार नाही, हे तिने दोनदा सांगितले. कुंडलिक दोन्ही वेळा "व्हय, व्हय" म्हणाला.

दुपारी ती परत आली, तेव्हा वच्छला भिंतीला टेकून झोपली होती. कुंडलिक मात्र पेटीच्या कडेवर हात ठेवून उभाच होता. मालती येताना दिसताच त्याने ती कड घट्ट धरली.