दुसरं बोलावणं

मूळ सिनेमा गोऱ्यांचा. घोडे, टोप्या, बंदुका, आणि शेवटी दोन माणसं भर उन्हात एकमेकांकडे इतका वेळ बघत उभी राहतात, की मला वाटलं मोबाईल अडकला. मग एक दुसऱ्याला गोळी घालतो आणि घोड्यावरून एकटाच निघून जातो. एवढ्यासाठी आख्खी दुपार वाया. तरी आम्ही आमच्या तेर गावात तो नव्यानं करायला घेतला, कारण तसं बघत उभी राहणारी दोन माणसं माझ्याकडे फुकटात होती.

एक माझे अब्बा, खाजाभाई. दुसरे शेजारचे बलभीमकाका. माझ्या बहिणीच्या, हुमेराच्या लग्नापासून दोघांत अबोला. आमंत्रण रीतसर गेलं होतं, आहेराचं कापड गेलं होतं, काका माळकरी म्हणून वेगळा आचारीसुद्धा सांगितला होता. पण ऐन पंगतीच्या वेळी 'जेवायला चला' असं दुसरं बोलावणं करायला कुणी गेलंच नाही. काका आहेराच्या कापडाचा नवा सदरा घालून ओट्यावर बसून राहिले. अब्बांचं म्हणणं, घरच्या माणसाला बोलावणं कशाला लागतं? काकांचं म्हणणं, न बोलावता जेवायला जातं ते कुत्रं. दोघंही बरोबर, म्हणून तर मिटेना. काकांच्या घरून येणारे धुरपदाकाकूंचे धपाटे बंद झाले, असं मी सगळ्यांना रडगाणं सांगायचो. खरं म्हणजे मला काका हवे होते. सायकल त्यांनीच शिकवली होती मला.

मी दोघांना वेगवेगळं गाठलं आणि एकच थाप मारली, "शेवटी तुम्ही त्याला गोळी घालता." दोघंही लगेच तयार झाले.

तेरणेचं कोरडं पात्र झालं वाळवंट. अब्बा वरातीच्या घोडीवर, कारण दुसरं घोडं मिळालं नाही. समोर काका, कमरेला टिकल्यांचं पिस्तूल, अंगात तोच सदरा. दोघं एकमेकांकडे असे बघायला लागले, की गोऱ्यांनी येऊन शिकवणी लावावी.

माझा मित्र समद स्पीकर सांभाळत होता. त्याला वाऱ्याची शीळ लावायची होती. बोट चुकलं आणि वरातीचा बँड सुरू झाला. घोडी धंद्याला पक्की, ती नाचायला लागली. अब्बा नवरदेवासारखे वरखाली, टोपी वाळूत. काकांनी पिस्तूल टाकून लगाम धरला.

"खाजा, उतर. कंबर मोडून घेशील."

लग्नानंतरचं हे पहिलं वाक्य. अब्बा उतरले. बँड वाजत होता, घोडी नाचत होती. अब्बांनी काकांच्या सदऱ्याकडे पाहिलं. कापड त्यांनीच निवडलेलं.

"बलभीम," ते म्हणाले, "जेवायला चल."

काकांनी लगाम दुसऱ्या हातात घेतला. मग सदऱ्याच्या बाहीनं डोळे पुसत म्हणाले, "लई येळ लावलास बोलवायला."

"व्हय. चुकलं माझं."

"चल मग. धुरपदानं धपाटे दिल्यात."

दोघं बाभळीच्या सावलीकडे निघाले, मागं घोडी. सिनेमात कुणी मेलंच नाही. समद मला विचारत होता, आता शेवट काय करायचा.

तेवढ्यात काका वळले. "अक्रम, तुला काय वेगळी अक्षत द्यायची? चल जेवायला."

मी कॅमेरा वाळूत तसाच चालू ठेवला आणि गेलो. आता बोलावणं आलं होतं.